सांडपाण्याची वाट : तुंबलेल्या मोरीचा सामाजिक इतिहास



हळर्णच्या परिसरात इतिहासावर बोलायचे म्हटले की मन आपोआप शापोरा नदीकाठच्या किल्ल्याकडे वळते. सावंतवाडीकर भोसल्यांकडून हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी जिंकला आणि या विजयाबद्दल तेव्हाच्या व्हाइसरॉयला, मार्किस द काश्तेल नोव्हु याला, ‘मार्किस द अलोर्ना’ हा किताब मिळाला. अलोर्ना म्हणजे आपले हळर्णच. पुढे त्याची नात लिओनोर ही ‘मार्केझा द अलोर्ना’ या नावाने पोर्तुगीज साहित्यात कवयित्री म्हणून मान्यता पावली. आपल्या गावाचे नाव असे लिस्बनच्या दिवाणखान्यात आणि काव्यसंग्रहांत जाऊन बसले. पेडणे महाल कायमचा पोर्तुगिजांकडे गेला तो मात्र १७८८ साली.

हा इतिहास आपणांस परिचित आहे. आज ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे, त्यात किताब नाहीत, तह नाहीत, तलवारी नाहीत. घरात आलेले पाणी घराबाहेर कसे गेले, कोठे अडले आणि अडलेले कोणी काढले, एवढाच हा विषय आहे. मोरी, न्हाणी, संडास हे शब्द व्यासपीठावरून उच्चारण्याचा संकोच आपल्यापैकी काहींस वाटेल. परंतु हा संकोच हेच या इतिहासातील एक महत्त्वाचे साधन आहे, हे पुढे ध्यानात येईल.

तुंबलेल्या नळीसमोर उभा राहिलेला माणूस तीन प्रश्न विचारतो. कोठे अडले? का अडले? आणि आता हे काढणार कोण? पहिले दोन प्रश्न शास्त्राचे आहेत, तिसरा समाजाचा. शास्त्राने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे क्रमाक्रमाने दिली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपण फार काळ एका विशिष्ट जातीत जन्मलेल्या माणसांवर सोपवून मोकळे झालो. माझ्या आजच्या प्रतिपादनाचा हाच गाभा आहे.

प्राचीन नगरे आणि आपले परसू

सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मोहेंजोदडो नगरात घरोघरचे सांडपाणी पक्क्या विटांच्या, झाकलेल्या गटारांतून वाहत असे. गटारांवरील झाकणे काढता येत होती आणि ठिकठिकाणी पाणी थबकावे, गाळ खाली बसावा अशी कुंडे ठेवलेली होती. ज्याने ही कुंडे आखली, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : गटार कधी ना कधी तुंबणारच. तेव्हा ते आपल्याला हवे तेथे तुंबावे आणि उघडून साफ करता यावे, हेच शहाणपण. आज आपण घराबाहेर जे ‘चेंबर’ बांधतो, ते याच विचाराचे वंशज आहे.

महाराष्ट्रातील किल्ल्यांवरही या विचाराच्या खुणा दिसतात. १६६४ साली बांधकामास प्रारंभ झालेल्या सिंधुदुर्गाच्या तटात सैनिकांसाठी शौचकूप आहेत. राजगडावरही तशी व्यवस्था दिसते. शेकडो माणसे एका तटाच्या आत महिनोन्‌महिने राहणार, तर अन्नाच्या कोठाराइतकाच मलविसर्जनाचा विचार आवश्यक, हे त्या दुर्गकारांनी जाणले होते.

खेड्यात मात्र अशी निकड नव्हती. आपल्या बोलण्यातील ‘परसाकडे जाणे’, ‘बाहेर जाणे’, ‘बहिर्दिशेस जाणे’ हे शब्दप्रयोगच व्यवस्थेचे वर्णन करतात. घर आणि विसर्जनाची जागा यांत अंतर राखणे, हीच ती व्यवस्था. पेडण्यासारख्या नव्या काबिजादीतील महालात सडा, ओहोळाचा काठ आणि बागायतीचा आडोसा हे लोकांचे शौचालय होते. जुन्या काबिजादीतील सासष्टी, बार्देश भागांत उंच चौथऱ्यावरचा आणि खाली डुकराला वाट ठेवलेला संडास रूढ होता. न्हाणीचे पाणी माडाच्या आळ्यात, केळीच्या बुंध्याशी किंवा अळूच्या वाफ्यात सोडले जाई. या पद्धतीत तुंबण्यासारखे काही नव्हते, कारण नळीच नव्हती. मात्र स्त्रियांना काळोखाची वाट पाहावी लागे, पावसाळ्यात ओहोळाचे पाणी दूषित होई आणि जंतांनी मुले खंगत, ही किंमत त्या पद्धतीने वसूल केली. गतकाळाच्या आठवणींनी हळवे होताना हे विसरून चालणार नाही.

मोडशीचे नगर

दाट वस्तीच्या नगराने ही किंमत किती मोठी असू शकते, हे गोव्यातच दाखविले. १५४३ साली जुन्या गोव्यात आलेल्या भयंकर साथीचे वर्णन गास्पार कोर्रेय या इतिहासकाराने केले आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने याच रोगाची लक्षणे सविस्तर नोंदविली. वांती, रेच, खोल गेलेले डोळे, काही तासांत मृत्यू : हा पटकीचा रोग होता. पोर्तुगिजांनी त्यास दिलेले ‘मोर्देशी’ हे नाव आपल्या ‘मोडशी’ या शब्दावरून घेतलेले आहे. आपल्या भाषेतील एक शब्द युरोपीय वैद्यकात गेला, तो असा दुर्दैवी मार्गाने.

जुने गोवे ओस पडण्यास व्यापाराचा ऱ्हास आदी अनेक कारणे होती. परंतु वारंवारच्या साथी हे त्यांतील प्रमुख कारण होते. जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यात खणलेल्या खड्ड्यातील मैला आणि शेजारच्या विहिरीतील पाणी यांची गाठ जमिनीखाली केव्हा पडते, हे वरून दिसत नाही. व्हाइसरॉयांनी १७५९ साली पणजी जवळ केली. पुढे पोंबालच्या आज्ञेने जुने शहर पुन्हा वसविण्याचा प्रयत्न झाला, तो तेथील रोगराईपुढे टिकला नाही. १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली.

येथे एक विरोधाभास नोंदविला पाहिजे. १७५५ च्या भूकंपानंतर लिस्बनचा मध्यभाग उभारताना त्याच पोंबालच्या कारकिर्दीत रस्त्यांखाली गटारे बांधण्यात आली. त्याच सत्तेच्या पूर्वेकडील राजधानीत, पणजीत, शास्त्रशुद्ध मलवाहिन्यांचे जाळे पडले ते १९६१ च्या मुक्तीनंतर आणि त्यातील मैल्याच्या शुद्धीकरणाचे केंद्र टोंक येथे उभे राहिले. राज्यकर्त्यांपाशी ज्ञान असणे आणि ते प्रजेच्या दारापर्यंत पोहोचणे, यांत केवढे अंतर पडू शकते ते यावरून दिसते.

घड्याळजीचे वळण

आता घरातील नळीकडे येऊ. नळी घरात आली की तिच्यातून मैला बाहेर जातो, तसा गटारातील वायूही आत येतो. यावर १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने उपाय शोधला. त्याने भांड्याखालची नळी वाकवली. त्या वाकणात प्रत्येक वेळी थोडे पाणी साठून राहते आणि तेवढे पाणी वायूला अडविते. आज प्रत्येक शौचकूपाखाली आणि प्रत्येक न्हाणीच्या जाळीखाली हे वळण आहे; कारागीर त्यास ‘ट्रॅप’ म्हणतात. न्हाणीतल्या ट्रॅपला तर देशभरचे बांधकाम अभियंते ‘नहाणी ट्रॅप’ याच नावाने ओळखतात. आपल्या घरातला शब्द अभियांत्रिकीच्या कोष्टकात जाऊन बसल्याचे हे उदाहरण मोडशीपेक्षा सुखाचे आहे.

परंतु प्रत्येक सोयीला तिची बाजू असते. दुर्गंध अडविणारे वळण वस्तूही अडविते. म्हणून घरातील एकच भांडे तुंबले आणि बाकीच्या जागांचे पाणी नीट जात असेल, तर दोष बहुधा त्या भांड्याच्या वळणातच असतो. तेथे रबरी पंपाने दाब व ओढ देणे, किंवा लवचिक तार फिरवून अडलेली वस्तू सैल करणे, हाच योग्य उपाय. उकळते पाणी ओतल्याने चिनीमातीचे भांडे तडकते. आम्लयुक्त द्रव आणि ब्लीचिंग पावडर एकामागून एक टाकल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. बंद न्हाणीत हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

सगळ्याच जागांचे पाणी एकदम मंदावले, संडासात पाणी टाकताच न्हाणीच्या जाळीतून वर येऊ लागले, तर भांड्याशी झटापट करणे व्यर्थ आहे. दोष पुढे, सामाईक नळीत, चेंबरमध्ये किंवा टाकीत आहे. अशा वेळी प्रथम चेंबरचे झाकण उघडून पाहावे. चेंबर भरलेले असेल तर अडथळा त्याच्या पुढे; रिकामे असेल तर मागे, घराच्या बाजूस. एक झाकण उघडल्याने निम्मा शोध संपतो. मोहेंजोदडोच्या कारागिराने काढता येणारे झाकण ठेवले ते याचसाठी. अंगण सुंदर दिसावे म्हणून चेंबरवर फरशी बसविणारा आजचा गृहस्थ या बाबतीत त्याच्या मागेच आहे.

पाणी जाताना नळी गुडगुडत असेल आणि त्यानंतर दुर्गंध येत असेल, तर विचार हवेचा करावा. जोराने जाणारे पाणी मागे पोकळी निर्माण करते आणि ट्रॅपमधील पाणी ओढून नेते. ते होऊ नये म्हणून छपराच्या वर जाणारी वायुनलिका लावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. तिच्या तोंडाशी घरटे झाले वा पालापाचोळा अडकला, तरी खाली संडासात त्याचे परिणाम दिसतात. रोग एका ठिकाणी आणि लक्षण दुसऱ्या ठिकाणी, असा हा प्रकार आहे.

निदान चुकले की श्रम कसे वाया जातात, याचे मोठे उदाहरण मुंबईत घडले. १८९६ साली प्लेग आला तेव्हा अधिकाऱ्यांनी गटारांवर संशय घेऊन ती जंतुनाशके आणि समुद्राचे पाणी सोडून धुऊन काढली. प्लेग थांबला नाही. तो उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमोंने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. गटारे स्वच्छ करणे चांगलेच. परंतु दोष कोठे आहे हे पाहिल्याविना केलेला उपाय हा उपाय नव्हे.

टाकी, शोषखड्डा आणि आपला पाऊस

जेथे नगराचे गटार नाही, तेथे मैल्याचे काय करावे? फ्रान्समध्ये मुरास याने १८६० च्या सुमारास बंद टाकीचा प्रयोग केला. १८९५ साली इंग्लंडमधील एक्झिटर येथे डोनाल्ड कॅमेरन याने तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. अशा टाकीत जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर साय धरतो, मधले पाणी शोषखड्ड्याकडे जाते आणि प्राणवायूविना जगणारे जीवाणू गाळाचे विघटन करतात. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात अशा विघटनातून निघणारा वायू उपयोगात आणण्याचा प्रयोग १८९७ साली झाला होता, हे कळल्यावर आपल्यापैकी अनेकांस आश्चर्य वाटेल.

पेडणे तालुक्यातील बहुसंख्य घरे आज याच टाकीवर अवलंबून आहेत. चांदेलच्या जलशुद्धीकरण केंद्राचे पाणी नळाने घरोघर आले, विहिरीवरून घागर आणण्याचे कष्ट संपले, आणि परसातला संडास घरात आला. घागरीच्या काळी एका तांब्याने भागत असे; फ्लशची टाकी एका खेपेस कितीतरी लिटर पाणी सोडते. घरात येणारे पाणी वाढले, जमिनीची शोषणशक्ती मात्र तेवढीच राहिली.

त्यात आपला पाऊस. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस जूनपासून चार महिन्यांत पडतो. भुईतले पाणी वर चढते, शोषखड्डा बाहेरूनच भरतो आणि टाकीतले पाणी जाणार कोठे, असा प्रश्न उभा राहतो. म्हणून केवळ पावसाळ्यातच संडास मंद होत असेल, तर नळीत तार घालून काही साधणार नाही. दोष शोषखड्ड्याच्या जागेचा आहे. छपराचे पाणी त्या खड्ड्याकडे येत असेल तर ते प्रथम वळवावे. पाऊस नसतानाही पाणी तुंबत असेल तर टाकीत गाळ किती साठला हे पाहावे. साधारणपणे दोन-तीन वर्षांनी तो यंत्राने उपसून घ्यावयाचा असतो. वीस वर्षे टाकीस हात लावावा लागला नाही, अशी फुशारकी काही गृहस्थ मारतात. गाळ त्यांच्या टाकीत नसेल, तर तो शोषखड्ड्याच्या छिद्रांत जाऊन बसलेला असतो. विहिरीपासून शोषखड्डा किमान १८ मीटर दूर असावा, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. भेगाळ जांभ्यात तेवढेही अंतर पुरेल याची खात्री नसते. जुन्या गोव्याचा धडा तीच गोष्ट सांगतो.

काढणार कोण?

आता तिसरा प्रश्न. मुंबईत एकोणिसाव्या शतकात दोन चाळींच्या मध्ये अरुंद बोळ ठेवीत. त्यातून मैल्याची टोपली नेणारा माणूस ये-जा करी, म्हणजे तो रहिवाशांच्या दृष्टीस पडत नसे. त्या कामासाठी आकारलेल्या कराचे नाव ‘हलालखोर कर’ असे होते आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातही ते नाव आले. घामाची, हक्काची भाकरी खाणारा तो हलालखोर. नाव गौरवाचे दिले आणि वाट मागच्या बोळातली ठेवली.

या बोळात स्वेच्छेने शिरलेला एक माणूस आपल्या शेजारच्याच मुलखातला होता. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे अशी मागणी केली. कागदोपत्री उच्चवर्णीय असलेल्या कैद्याला ते काम देण्यास सरकारने नकार दिला, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले. त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले. सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर ते सुटले. मैला उचलण्याचा अधिकार मागण्यासाठी उपोषण करावे लागले, ही घटना आपल्या समाजव्यवस्थेवर पुरेसे भाष्य करते.

अप्पासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. हे काम पवित्र आहे असे म्हणून ते त्याच माणसांकडे ठेवणे हा नुसता शाब्दिक गौरव ठरेल, हे त्यांनी ओळखले. १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापन करून त्यांनी ‘सोपा संडास’ सिद्ध केला. मैल्यावर राख, माती, पालापाचोळा पडत जावा, कालांतराने त्याचे सोनखत व्हावे, आणि ताजा मैला कोणालाही हाताळावा लागू नये, अशी ती रचना होती. शौचालयाच्या रचनेतूनच तिसरा प्रश्न सोडविण्याचा हा प्रयत्न होता. याच दिशेने १९७० साली पाटण्यात बिंदेश्वर पाठक यांनी सुलभ संस्था सुरू केली. दोन खड्डे आळीपाळीने वापरावयाचे, तीव्र उताराचे भांडे आणि केवळ २० मिलिमीटर पाण्याचा अडसर. दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते. एक खड्डा भरला की दुसरा चालू करावयाचा. विश्रांती घेणाऱ्या खड्ड्यातील मैला दीड-दोन वर्षांत निरुपद्रवी खत होतो.

कायदा त्यानंतर आला. हाताने मैला वाहण्यास बंदी घालणारा १९९३ चा केंद्रीय कायदा ज्या सहा राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून संसदेने केला, त्यांत महाराष्ट्राबरोबर गोवाही होते, ही आपल्यासाठी समाधानाची गोष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने गटार व सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांविना माणूस उतरविण्यास मनाई केली. ही मनाई केवळ नगरपालिकेपुरती नाही. खाजगी घरमालकासही ती लागू आहे आणि पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही शिक्षा आहेत. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ माणसे मरत राहिली.

ती कशी मरतात, हे प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे. बंद टाकीत प्राणवायू नसतो. मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतात. हा दुसरा वायू थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस शिडीवरून खाली उतरतो आणि दोन श्वासांत कोसळतो. त्यास वाचविण्यास दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. या दुर्घटनांत एकाच वेळी दोघे-तिघे दगावतात ते यामुळे. म्हणून टाकीत कोणीही उतरावयाचे नाही. यंत्र बोलवावयाचे, पैसे पडले तरी. ‘पाचशे रुपयांत कोणीतरी करून देतो’ हे वाक्य ज्याच्या तोंडून निघते, त्याने त्या माणसाच्या जिवाची किंमत पाचशे ठरविलेली असते.

शाळेचे काम

बंधुभगिनींनो, प्रारंभी ज्या संकोचाचा उल्लेख केला त्याकडे वळतो. ज्या विषयावर बोलणे अशिष्ट मानले जाते, त्याचे ज्ञान घरात साठत नाही. भुईखाली टाकी कोठे आहे, चेंबर किती आहेत, नळीचा उतार कोणत्या दिशेस आहे, हे बहुतेक घरांत फक्त बांधणाऱ्या गवंड्याला ठाऊक असते. तो परगावी गेला की ज्ञानही गेले. मग तुंबले की आपण हतबल होतो, आणि हतबल माणूस जो मिळेल त्याला खड्ड्यात उतरवितो. अज्ञानाचा शेवट असा दुसऱ्याच्या प्राणावर होतो.

ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण एकत्र आलो आहोत, त्यांच्या पिढीने विद्यार्थ्यांच्या हाती खडूबरोबर झाडूही दिला. शाळेच्या अंगणातली ती सफाई ही शिक्षा नव्हती, शिक्षणच होते. त्या परंपरेत आज एक भर घालता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराचा नकाशा काढावा आणि त्यात पाणी घरात येण्याची वाट जशी दाखवावी, तशी ते बाहेर जाण्याचीही वाट दाखवावी : ट्रॅप, चेंबर, वायुनलिका, टाकी, शोषखड्डा आणि विहीर. विहिरीचे अंतर त्याने पावलांनी नव्हे, फितीने मोजावे. टाकी शेवटची केव्हा उपसली, ते साल नकाशाच्या कोपऱ्यात लिहावे आणि कागद घरात जपून ठेवावा. भूगोलाच्या तासाला आपण शापोरा नदीचा उगम आणि मुख शिकतो. घरातून निघणाऱ्या या छोट्या प्रवाहाचे मुख शेवटी त्याच नदीत आहे.

किल्ल्याचे बुरूज आपण जपले पाहिजेत, यात शंका नाही. परंतु एखाद्या समाजाची संस्कृती मोजावयाची झाल्यास, त्याने टाकून दिलेल्या पाण्याची वाट कोणाच्या हातांतून जाते, हेही पाहावे लागते. ती वाट कोणाच्याही हातांतून, कोणाच्याही श्वासातून जाऊ नये, एवढी व्यवस्था करण्याचे ज्ञान आज आपल्यापाशी आहे. ते वापरणे आपल्या पिढीचे कर्तव्य आहे.